खुर्ची टिकली, म्हणून संघ घडला!

विशेष प्रतिनिधी

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात ५ मे २०२५ रोजी एक पत्रकार परिषद झाली. सहा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले ७६ वर्षांचे एक गृहस्थ आपल्या दोन जुन्या शिष्यांसह, टिम डंकन आणि मनू जिनोबिली यांच्यासह, तेथे आले. त्यांनी अंगातील जाकीट बाजूला सारून आतील टी-शर्टवरची अक्षरे दाखवली. ‘एल हेफे’ असे तेथे लिहिलेले होते. मोठ्या संख्येने स्पॅनिश भाषक राहणाऱ्या त्या शहरात या शब्दांचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. ‘एल हेफे’ म्हणजे साहेब! आपण आता प्रशिक्षक राहिलो नाही, साहेब झालो, असा त्या विनोदाचा रोख होता. सभागृहात हशा पिकला आणि अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलमधील एक दीर्घ पर्व संपले.

हे गृहस्थ म्हणजे ग्रेग पोपोविच. एनबीए या जगातील सर्वात श्रीमंत बास्केटबॉल लीगमध्ये सॅन अँटोनियो स्पर्स या एकाच संघाचे ते सलग २९ हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. पाच विजेतीपदे, सलग २२ हंगाम बाद फेरीत प्रवेश, तीन वेळा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान, ऑलिम्पिक सुवर्णपदक आणि २०२३ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश, एवढा त्यांचा संचित ठेवा आहे. ११ मार्च २०२२ रोजी युटा जॅझविरुद्ध त्यांनी नियमित हंगामातील १,३३६वा विजय मिळवला आणि डॉन नेल्सन यांचा विक्रम मागे टाकला. त्यानंतरही या आकड्यात भर पडतच राहिली.

त्यांच्या निवृत्तीनंतर गौरवाचे लेख भरपूर आले आणि ते योग्यही होते. परंतु या गौरवात एक प्रश्न झाकला गेला. पोपोविच मोठे होते म्हणून २९ वर्षे टिकले, की त्यांना टिकू दिले गेले म्हणून ते मोठे झाले? ज्या व्यवसायात विजेतेपद मिळवून देणारा प्रशिक्षकही दोन वर्षांनी घरी पाठवला जातो, तेथे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा उरत नाही.

लष्करी शिस्त आणि वसतिगृहातील संसार

पोपोविच यांचा जन्म २८ जानेवारी १९४९ रोजी इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो येथे झाला. पोलादाच्या कारखान्यांच्या या परिसरात पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांची वस्ती मोठी होती. त्यांचे वडील सर्बियन वंशाचे, तर आई क्रोएशियन वंशाची. १९७० मध्ये त्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतून पदवी घेतली. विषय होता सोव्हिएत अभ्यास. शीतयुद्धाच्या त्या काळात हवाई दलाच्या तरुण अधिकाऱ्याने हा विषय घ्यावा यात नवल नव्हते. सैन्यदलांच्या बास्केटबॉल संघातून त्यांनी पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघाचा दौरा केला. अमेरिकेबाहेरही उत्तम बास्केटबॉल खेळले जाते, हे त्यांनी तरुणपणीच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. या अनुभवाचे मोल पुढे पंचवीस वर्षांनी कळणार होते.

खेळाडू म्हणून त्यांना व्यावसायिक संघात जागा मिळाली नाही. ते अकादमीत परतले आणि साहाय्यक प्रशिक्षक झाले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना-पिट्झर या महाविद्यालयीन संघाची सूत्रे त्यांनी घेतली. हा तिसऱ्या श्रेणीचा संघ होता. तेथे खेळाडूंना शिष्यवृत्ती नव्हती. पुस्तकांत रमणारी मुले संध्याकाळी खेळायला येत असत. पोपोविच कुटुंबासह काही काळ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातच राहिले. पहिल्या हंगामात संघाने २ सामने जिंकले आणि २२ गमावले. कोणत्याही व्यावसायिक संघात एवढ्या कामगिरीवर गाशा गुंडाळावा लागला असता. येथे मात्र त्यांना वेळ मिळाला. १९८५-८६च्या हंगामात याच संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद पटकावले. पोपोविच यांना टिकू दिले गेल्याचा हा पहिला दाखला.

१९८६-८७ मध्ये त्यांनी महाविद्यालयातून रजा घेतली आणि कॅन्सस विद्यापीठात लॅरी ब्राऊन यांच्या हाताखाली उमेदवारी केली. १९८८ मध्ये ब्राऊन स्पर्सचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांनी पोपोविच यांना साहाय्यक म्हणून सोबत नेले. चार वर्षांनी ही सगळी मंडळी पायउतार झाली. त्यानंतर पोपोविच यांनी गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये डॉन नेल्सन यांच्याकडे दोन हंगाम काम केले. १९९४ मध्ये ते स्पर्समध्ये परतले, ते संघाचे सरव्यवस्थापक म्हणून. आता खेळाडू घेणे, सोडणे आणि प्रशिक्षक नेमणे हे अधिकार त्यांच्या हाती होते.

स्वतःच स्वतःची नेमणूक

कारकिर्दीतील सर्वात वादग्रस्त निर्णय त्यांनी १० डिसेंबर १९९६ रोजी घेतला. प्रशिक्षक बॉब हिल यांनी आधीच्या दोन हंगामांत संघाला अनुक्रमे ६२ आणि ५९ विजय मिळवून दिले होते. १९९६-९७ची सुरुवात मात्र ३ विजय आणि १५ पराभव अशी झाली. कारण उघड होते. संघाचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन पाठीच्या दुखापतीमुळे बाहेर होता. रॉबिन्सन परतण्याच्या बेतात असतानाच सरव्यवस्थापक पोपोविच यांनी हिल यांना काढले आणि प्रशिक्षकपदी स्वतःची नेमणूक केली. एनबीएमध्ये मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांना एका दिवसाचाही अनुभव नव्हता. सॅन अँटोनियोतील प्रेक्षक संतापले, वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली.

पुढे जे घडले त्याला दैवाचा खेळच म्हणावे लागेल. परतलेला रॉबिन्सन जेमतेम सहा सामने खेळला आणि पायाचे हाड मोडून हंगामाबाहेर गेला. संघाने ८२ पैकी ६२ सामने गमावले. एनबीएच्या नियमानुसार तळाच्या संघांना नवोदित खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रम मिळतो आणि पहिला क्रमांक सोडतीने ठरतो. १९९७च्या सोडतीत सर्वाधिक संधी बॉस्टन सेल्टिक्सला होती, परंतु चिठ्ठी निघाली स्पर्सची. त्या वर्षी निवडीसाठी उपलब्ध असलेला खेळाडू होता टिम डंकन.

हिल यांच्यावर अन्याय झाला हे मान्य करूनच पुढच्या यशाकडे पाहावे लागते. वाईट हंगामाची शिक्षा हिल यांना मिळाली. त्याच वाईट हंगामाचे बक्षीस मात्र पोपोविच यांना मिळाले. खुर्ची कोणाच्या हाती आहे यावर किती काही अवलंबून असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्रीडाविश्वात क्वचितच सापडेल.

डंकनने दिलेले बळ

१९९७च्या उन्हाळ्यात पोपोविच यांनी डंकनची जन्मभूमी असलेले कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉई बेट गाठले. दोघे समुद्रात पोहले, दीर्घ गप्पा झाल्या. त्यात बास्केटबॉल कमी आणि इतर विषयच अधिक होते. प्रशिक्षक आणि प्रमुख खेळाडू यांच्यातील हे नाते पुढे १९ हंगाम अभंग राहिले.

तरीही पोपोविच यांची खुर्ची लगेच स्थिरावली नाही. टाळेबंदीमुळे ५० सामन्यांपुरत्या झालेल्या १९९८-९९च्या हंगामात स्पर्सची सुरुवात ६ विजय आणि ८ पराभव अशी होती. पोपोविच यांना काढणार आणि डॉक रिव्हर्स त्यांची जागा घेणार, अशी उघड चर्चा सुरू झाली. एव्हरी जॉन्सन आणि रॉबिन्सन हे ज्येष्ठ खेळाडू त्या वेळी प्रशिक्षकाच्या पाठीशी उभे राहिले. उरलेल्या ३६ पैकी ३१ सामने संघाने जिंकले आणि अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सला ४-१ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या मार्चमध्ये संघव्यवस्थापनाने एका पराभवाने अधीर होऊन निर्णय घेतला असता, तर आज पोपोविच हे नाव कोणाच्या लक्षातही राहिले नसते.

डंकनने आपल्या प्रशिक्षकाला आणखी एक मोठी देणगी दिली. ती होती बोलणी खाण्याची तयारी. पोपोविच सरावात आणि सामन्यात सर्वात मोठ्या खेळाडूला सर्वांसमक्ष फैलावर घेत आणि डंकन निमूटपणे ऐकून घेई. कोट्यवधी डॉलर मिळवणारा संघनायक जेथे ऐकून घेतो, तेथे बाराव्या खेळाडूला तक्रार करायला तोंड उरत नाही. पोपोविच यांची शिस्त म्हणून जिचे कौतुक होते, तिचा निम्मा पाया डंकनच्या स्वभावात होता. पोपोविच यांनीही आपल्या यशाचे पहिले श्रेय नेहमी डंकनलाच दिले आहे.

सीमेपलीकडची नजर

२००३, २००५ आणि २००७ मध्ये स्पर्सने आणखी तीन विजेतीपदे मिळवली. यांतील दोन प्रमुख खेळाडूंची निवड पाहण्याजोगी आहे. अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीला संघाने १९९९ मध्ये ५७व्या क्रमांकावर निवडले. म्हणजे त्याआधी ५६ वेळा इतर खेळाडूंना पसंती मिळाली होती. फ्रान्सच्या टोनी पार्करला २००१ मध्ये २८व्या क्रमांकावर घेतले. युरोपीय आणि दक्षिण अमेरिकी खेळाडू एनबीएच्या धसमुसळ्या खेळात टिकणार नाहीत, असा समज तेव्हा सर्रास होता. तरुणपणी सैन्यदलाच्या संघातून पूर्व युरोपात खेळून आलेल्या प्रशिक्षकाला हा समज पटण्याचे कारण नव्हते. डंकन, पार्कर आणि जिनोबिली या त्रयीने नियमित हंगामात मिळून ५७५ सामने जिंकले. त्रयींच्या बाबतीत हा विक्रम आहे.

परदेशी खेळाडूंना संघात घेणे सोपे असते, त्यांना सामावून घेणे कठीण. पोपोविच यांनी संघाच्या बैठकांत राजकारण, इतिहास, चित्रपट असे विषय आणले. दौऱ्यांवर संघाच्या एकत्र भोजनाचा त्यांनी जणू विधीच केला. २०१४च्या अंतिम फेरीच्या तयारीत एका बैठकीची सुरुवात त्यांनी एडी माबो यांच्या परिचयाने केली. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या जमिनीच्या हक्कासाठी माबो यांनी दिलेला न्यायालयीन लढा त्यांनी संघाला सांगितला. संघातील पॅटी मिल्स हा त्याच समाजाचा. राखीव खेळाडूचा इतिहास आपल्या प्रशिक्षकाला ठाऊक आहे, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

२०१४च्या ऑगस्टमध्ये पोपोविच यांनी बेकी हॅमन यांना साहाय्यक प्रशिक्षक नेमले. एनबीएत पूर्णवेळ वेतनावर हे काम करणारी ती पहिली महिला. ३० डिसेंबर २०२० रोजी लेकर्सविरुद्धच्या सामन्यात पंचांनी पोपोविच यांना मैदानाबाहेर काढले. तेव्हा हॅमन यांनी मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी सांभाळली. नियमित हंगामातील सामन्यात हेही प्रथमच घडत होते.

अपयश पचवण्याची सवलत

पोपोविच यांची खरी परीक्षा विजयांत नव्हे, पराभवांत झाली. २०११ मध्ये ६१ विजयांसह आपल्या गटात अव्वल ठरलेला स्पर्स संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात आठव्या मानांकित मेम्फिसकडून हरला. डंकन पस्तिशीला आला होता. हे पर्व संपले, असे बहुतेकांनी लिहून टाकले. इतर ठिकाणी प्रशिक्षकाची गच्छंती अटळ होती. स्पर्सने मात्र प्रशिक्षक बदलला नाही, खेळ बदलला. उंच खेळाडूकडे चेंडू देऊन संथपणे गुण मिळवायचे आणि बचावावर सामना जिंकायचा, ही त्यांची जुनी पद्धत. तिच्या जागी वेगवान, सतत हालचालीचा, चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे सरकवत राहणारा खेळ आला. तीन गुणांच्या बास्केटविषयी जाहीर नाराजी बोलून दाखवणाऱ्या पोपोविच यांनी तिचा वापर मात्र बिनदिक्कत वाढवला. आवडीपेक्षा वास्तव मोठे, हे त्यांनी ओळखले.

खेळाडूंना विश्रांती देण्याच्या त्यांच्या धोरणावरूनही वादळ उठले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मायामीतील महत्त्वाच्या दूरचित्रवाणी सामन्याआधी त्यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना थेट घरी पाठवले. लीगने संघाला अडीच लाख डॉलरचा दंड केला. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाची फसवणूक झाली, हा आक्षेप चुकीचा नव्हता. पण पुढे सगळ्याच संघांनी ही पद्धत उचलली आणि २०२३ मध्ये लीगला आघाडीच्या खेळाडूंच्या सहभागासाठी वेगळे नियम करावे लागले.

२०१३च्या अंतिम फेरीतील सहावा सामना स्पर्सच्या जिव्हारी लागला. शेवटच्या २८ सेकंदांत पाच गुणांची आघाडी होती आणि विजेतेपद हाताशी होते. निर्णायक क्षणी पोपोविच यांनी डंकनला बाहेर बसवले होते. मायामीच्या ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, रे अॅलनने पाच सेकंद उरले असताना तीन गुणांची बास्केट केली आणि जादा वेळेत सामना हातचा गेला. सातवा सामनाही गमावला. डंकनला बाहेर ठेवण्याचा निर्णय आजही चर्चिला जातो. सहाव्या सामन्यानंतर विजयोत्सवासाठी मायामीतील एका रेस्तराँमध्ये जागा राखून ठेवलेली होती. पोपोविच यांनी ते भोजन रद्द केले नाही. खचलेल्या प्रत्येक खेळाडूचे त्यांनी स्वतः स्वागत केले आणि सर्वांना एकत्र जेवायला बसवले.

वर्षभराने त्याच मायामीला स्पर्सने ४-१ असे हरवले. पाच सामन्यांतील गुणांचा एकत्रित फरक होता ७०. त्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी सामन्यामागे ३० मिनिटांपर्यंत पोहोचली नव्हती. विश्रांतीच्या धोरणाला याहून चांगला पुरावा कोणता हवा?

उतरती कमान

२०१६ मध्ये डंकन निवृत्त झाला. एप्रिल २०१८ मध्ये पोपोविच यांच्या पत्नी एरिन यांचे निधन झाले. त्याच वर्षी जिनोबिली निवृत्त झाला आणि पार्करने संघ सोडला. डंकनचा वारसदार मानला गेलेला कवाय लेनर्ड दुखापतीच्या उपचारांवरून व्यवस्थापनाशी बिनसल्याने टोरांटोला गेला. नात्यांची उभारणी हेच ज्याचे बलस्थान, त्याच्याच घरात हा दुरावा आला. पोपोविच यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत, हे त्यातून दिसले. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये लेनर्ड दुसऱ्या संघातून सॅन अँटोनियोत आला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, तेव्हा सामना चालू असताना ध्वनिक्षेपक हाती घेऊन ‘हे थांबवा’ असे सांगणारेही पोपोविचच होते.

अमेरिकी राष्ट्रीय संघाबरोबरही चढ-उतार आले. २०१९च्या विश्वचषकात संघ सातवा आला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध पहिलाच सामना गमावला. अंतिम सामन्यात त्याच फ्रान्सला ८७-८२ असे नमवून सुवर्णपदक मिळाले. स्पर्स मात्र २०१९ नंतर पोपोविच यांच्या कारकिर्दीत पुन्हा बाद फेरीत गेला नाही. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत ६०-६० पराभव झाले. २०२३च्या सोडतीत पुन्हा चिठ्ठी निघाली आणि फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा संघात आला. २ नोव्हेंबर २०२४ रोजी सामन्याआधी पोपोविच यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. उरलेले ७७ सामने साहाय्यक मिच जॉन्सन यांनी सांभाळले आणि २ मे २०२५ रोजी मुख्य प्रशिक्षकपद अधिकृतपणे त्यांच्याकडे गेले. शेवटच्या सहा पडत्या वर्षांत पोपोविच यांना कोणी हात लावला नाही. याला निष्ठा म्हणायचे की लाड, यावर मतभेद होऊ शकतात. दुसऱ्या कोणाला एवढी मुभा मिळाली नसती, याविषयी मात्र मतभेद होऊ नयेत.

शिष्यांच्या वाट्याला काय?

या कहाणीची दुसरी बाजू त्यांच्या शिष्यांच्या वाटचालीत दिसते. पोपोविच यांच्या हाताखाली किंवा स्पर्सच्या संस्थेत घडलेले प्रशिक्षक एनबीएभर पसरले आहेत. पण २०२४-२५ या एकाच हंगामात त्यांतील तिघांच्या नोकऱ्या गेल्या. डिसेंबरमध्ये सॅक्रामेंटोने माईक ब्राऊन यांना काढले, मार्चमध्ये हंगाम संपायला नऊ सामने असताना मेम्फिसने टेलर जेन्किन्स यांना काढले आणि एप्रिलमध्ये फिनिक्सने माईक बुडेनहोल्झर यांना अवघ्या एका हंगामानंतर निरोप दिला.

विजेतेपदही आता संरक्षण देत नाही. २०१९चे विजेते प्रशिक्षक निक नर्स यांना टोरांटोने २०२३ मध्ये, २०२०चे फ्रँक व्होगेल यांना लेकर्सने २०२२ मध्ये, २०२१चे बुडेनहोल्झर यांना मिलवॉकीने २०२३ मध्ये आणि २०२३चे मायकेल मलोन यांना डेन्व्हरने एप्रिल २०२५ मध्ये दूर केले. २०१९ ते २०२३ या पाच विजेत्या प्रशिक्षकांपैकी या लाटेतून वाचले ते फक्त गोल्डन स्टेटचे स्टीव्ह कर, म्हणजे पुन्हा पोपोविच यांच्याच हाताखाली खेळलेला एक शिष्य. आपल्या प्रशिक्षकाला मिळालेला अवधी त्यांना मिळाला आणि त्यांनी चार विजेतीपदे दिली. इतरांना तो मिळाला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण मिळाला नाही, एवढे निश्चित.

पोपोविच यांनी स्पर्सच्या खोलीत जेकब रीस या सुधारकाचा एक विचार लावून ठेवला होता. दगडफोड्याच्या शंभर घावांनी दगडाला तडाही जात नाही आणि पुढच्या घावाला तो दुभंगतो, परंतु तो शेवटच्या घावाने फुटत नाही, असा त्याचा आशय. खेळाडूंना हा विचार त्यांच्या त्यांच्या भाषांत वाचता यावा, याचीही तजवीज केलेली होती. अनेक संघांनी आज ही शिकवण आपल्या भिंतींवर आणली आहे. प्रश्न भिंतीचा नाही. पहिले शंभर घाव होईपर्यंत हातोडा त्याच माणसाच्या हाती ठेवण्याची तयारी मालकांची आहे का, हा आहे.

पोपोविच यांनी हिल यांना ती संधी नाकारली होती, स्वतःसाठी ती घेतली आणि तिचे सोने केले. ‘एल हेफे’ या नात्याने आता प्रशिक्षकाला वेळ देणे किंवा नाकारणे हे त्यांच्याच हाती आले. ज्या अवधीने ते स्वतः घडले, तो जॉन्सन यांच्या पदरात ते किती उदारपणे टाकतात, यावर या कारकिर्दीचे अखेरचे मूल्यमापन व्हावे.